देणाऱ्याचा सव्वा महिना

मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण होते, तेव्हा एका घरातील दोन माणसे एकाच दिवशी शस्त्रक्रियेच्या मेजावर जातात. त्यांपैकी एक महिनोन्‌महिने आजारी असतो. दुसरा त्या दिवशीच्या सकाळपर्यंत धडधाकट असतो. आजाऱ्याच्या अंगात नवे मूत्रपिंड काम करू लागले की, त्याच्या चेहऱ्यावरची सूज ओसरते, तोंडाला चव येते आणि थोड्याच दिवसांत तो उशीला टेकून गप्पा मारू लागतो. ज्याने ते मूत्रपिंड दिले, तो मात्र त्याच वेळी शेजारच्या खोलीत कूस बदलतानाही कण्हत असतो. घरातील सर्वांचे डोळे पहिल्या खाटेकडे लागलेले असतात, आणि ते स्वाभाविकही आहे. तथापि दुसऱ्या खाटेवरील माणूसही आता रुग्णच आहे, ही गोष्ट आपल्या समाजात अजून पुरेशी रुजलेली नाही.

निपाणीजवळच्या एखाद्या खेड्यातील घर डोळ्यांसमोर आणावे. धाकट्या भावाची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. आठवड्यातून दोनतीनदा रक्तशुद्धीसाठी, म्हणजे लोक ज्याला डायलिसिस म्हणतात त्यासाठी, त्याला शहर गाठावे लागते. आईचे वय झाले आहे, वडिलांना मधुमेह आहे. अशा वेळी सासरी नांदणारी थोरली बहीण, घरची अक्का, पुढे होते. भाऊबीजेला भावाने बहिणीला ओवाळणी घालावी ही आपली रीत. येथे ओवाळणी घालणारी बहीण असते, आणि ती ओवाळणी परत घेता येण्यासारखी नसते. ह्या अक्काचे पुढे काय होते? तिला किती दिवस दुखते, ती कामाला केव्हा लागू शकते, आणि उरलेल्या एका मूत्रपिंडावर तिचे सारे आयुष्य नीट जाते की नाही, ह्या प्रश्नांची उत्तरे वैद्यकाला आज बऱ्याच अंशी ठाऊक आहेत.

ह्या प्रश्नांचा इतिहास १९५४ पासून सुरू होतो. त्या वर्षी २३ डिसेंबर रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरी पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात डॉ. जोसेफ मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोनाल्ड हेरिक ह्या तेवीस वर्षांच्या तरुणाचे एक मूत्रपिंड काढून त्याच्या जुळ्या भावाच्या, रिचर्डच्या, शरीरात बसविले. यशस्वी झालेले हे पहिले मूत्रपिंड-प्रत्यारोपण. तोपर्यंत शस्त्रवैद्याची सुरी रुग्णाच्या हितासाठीच चालत असे. निरोगी माणसाच्या शरीरावर, आणि तीही दुसऱ्याच्या हितासाठी, ती चालविणे नीतीला धरून आहे काय, ह्याचा डॉक्टरांनी बराच विचार केला होता. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री रिचर्डने भावाला चिठ्ठी पाठवून येथून निघून घरी जा असे विनविले, आणि आपण आलो आहोत ते राहण्यासाठीच, असे रोनाल्डने उलट कळविले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. रिचर्डला त्या मूत्रपिंडाने आठ वर्षांचे आयुष्य दिले. रोनाल्डने पुढे गणिताचा शिक्षक म्हणून काम केले आणि तो २०१० पर्यंत, म्हणजे दान दिल्यानंतर ५६ वर्षे, एका मूत्रपिंडावर जगला. डॉ. मरे यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिकाचा बहुमान मिळाला.

भारतात जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे यशस्वी प्रत्यारोपण १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाले. त्यानंतर ही विद्या मोठ्या शहरांतून हळूहळू जिल्ह्याच्या गावांपर्यंत आली. एके काळी ज्या शस्त्रक्रियेसाठी मुंबई किंवा वेल्लोर गाठावे लागे, ती आज बेळगावात केएलई संस्थेच्या डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालयात होते. निपाणीकरांना एका अंगाला बेळगाव आणि दुसऱ्या अंगाला कोल्हापूर अशी दोन्ही शहरे हाताशी आहेत. मात्र ही दोन शहरे दोन राज्यांत आहेत, आणि त्यामुळे सीमाभागातील कुटुंबाला शस्त्रक्रियेपूर्वी कागदपत्रांचीही एक परीक्षा द्यावी लागते.

मानवी अवयवांच्या प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ मध्ये संमत झाला आणि २०११ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार पती किंवा पत्नी, आईवडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, आजी, आजोबा आणि नातवंडे ही जवळची नाती मानली जातात. दाता ह्यांपैकी असेल, तर नात्याचा पुरावा तपासून परवानगी मिळते. अन्य कोणी असेल, तर ते प्रकरण प्राधिकार समितीपुढे जाते. सीमाभागात अडचण येते ती अशी की, अक्काचा जन्मदाखला आणि शाळेचा दाखला माहेरच्या नावाने, शिधापत्रिका सासरच्या नावाने, आणि सासर महाराष्ट्रात तर माहेर कर्नाटकात. एका कागदावर लिपी देवनागरी, दुसऱ्यावर कन्नड. हीच ती बहीण, हे सिद्ध करण्यासाठी विवाहाचा दाखला आणि अन्य कागद आधीच गोळा करून ठेवणे शहाणपणाचे ठरते. रुग्णालयातील प्रत्यारोपण-समन्वयक ह्या कामी मार्गदर्शन करतो.

ह्या कायद्यातील दोन गोष्टी प्रत्येक दात्याला ठाऊक असाव्यात. पहिली ही की, संमतिपत्रातील मजकूर दात्याला समजेल अशा भाषेत सांगितला गेला पाहिजे. मराठी बोलणाऱ्या बाईने न कळणाऱ्या भाषेतील कागदावर मुकाट्याने सही करण्याचे कारण नाही. दुसरी ही की, दाता स्त्री असेल तर तिची संमती स्वतंत्र आहे की नाही, ह्याची खातरजमा अधिक काळजीपूर्वक करावी, असे २०१४ च्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे. ही तरतूद निष्कारण आलेली नाही. आपल्या देशात जिवंत दात्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून बरेच अधिक आहे. घेणाऱ्यांमध्ये मात्र पुरुष अधिक आहेत. आई, पत्नी आणि बहीण प्रेमाने देतात हे खरे. पण घरचा कर्ता वाचलाच पाहिजे, ह्या न बोललेल्या दडपणाखालीही देतात, हेही तितकेच खरे. भूल देण्याच्या क्षणापर्यंत दात्याला नकार देता येतो. तसा नकार आला, तर डॉक्टर घरच्यांना केवळ एवढेच सांगू शकतात की, ही व्यक्ती दानास योग्य ठरली नाही. त्यामुळे नात्यात कटुता येत नाही.

आता प्रत्यक्ष शस्त्रक्रियेकडे वळावे. माणसाची मूत्रपिंडे पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, खालच्या फासळ्यांच्या आड असतात. प्रत्येकाची लांबी दहा ते बारा सेंटिमीटर. प्रत्येकात रक्त गाळणारे सुमारे दहा लाख सूक्ष्म घटक असतात. दोन्ही मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील जवळजवळ सर्व पुन्हा रक्तात परत करून लिटर-दीड लिटर मूत्र बाहेर टाकतात. पूर्वी दात्याच्या कुशीवर लांब छेद घेऊन, कधी फासळीचा तुकडाही काढून, मूत्रपिंड बाहेर काढीत. १९९५ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात दुर्बिणीच्या साहाय्याने हे काम प्रथम करण्यात आले, आणि आता तीच रीत सर्वत्र रूढ होत आहे. पोटावर तीनचार लहान छिद्रे पाडतात, आत वायू भरून जागा करतात, आणि सुटे केलेले मूत्रपिंड ओटीपोटावरील सातआठ सेंटिमीटरच्या छेदातून बाहेर घेतात. बहुधा डावे मूत्रपिंड निवडतात, कारण त्याची नीला लांब असते आणि ती जोडावयास सोपी जाते. मात्र दोहोंत काही अंतर असेल, तर जे अधिक चांगले ते दात्याजवळच ठेवावे, हा दंडक आहे.

शुद्धीवर आल्यावर अक्काला काय जाणवते? छेदाच्या जागी दुखते, हे अपेक्षितच असते. पण खांदा का दुखतो, हे तिला उमगत नाही. पोटात भरलेल्या वायूचा काही अंश आत राहतो, तो श्वासपटलाला चेतवितो, आणि त्याची कळ खांद्यात उमटते. दोनतीन दिवसांत ती आपोआप जाते. घशाला कोरड पडते, मळमळते, लघवीसाठी नळी घातलेली असते. ती नळी एकदोन दिवसांत निघते. दुसऱ्याच दिवशी परिचारिका तिला उठवून बसविते आणि चार पावले चालविते. घरच्या बायकांना हा निर्दयपणा वाटतो. वस्तुतः हेच चालणे तिचे रक्षण करते. माणूस निपचित पडून राहिला, तर पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, आणि उथळ श्वासाने फुप्फुसाच्या तळाशी कफ साचतो. म्हणून उठणे, चालणे, पोटावर उशी धरून खोकणे आणि दीर्घ श्वास घेणे, ही पहिल्या चार दिवसांतील औषधेच होत.

शौचास साफ न होणे ही ह्या दिवसांतील आणखी एक हमखास तक्रार. भुलीने आणि वेदनाशामक औषधांनी आतडी मंदावतात, पोट फुगते. वायू सरू लागला की आतडी जागी झाल्याचे समजावे. तोवर पातळ पेज, भाताची निवळ, ताक असा आहार हळूहळू वाढवीत नेतात. दुर्बिणीची शस्त्रक्रिया झालेली व्यक्ती सामान्यतः तीन ते पाच दिवसांत घरी जाऊ शकते. भाऊ मात्र रुग्णालयातच असतो, आणि ह्याच वेळी पहिली चूक घडण्याचा संभव असतो. अक्काला घरी पोचवून सारे जण पुन्हा भावाकडे धावतात, आणि घरी गेलेल्या अक्कापुढे चूल, पाणी आणि पोरेबाळे उभी राहतात.

बेळगाव ते निपाणी हा प्रवास काकती, हत्तरगी, संकेश्वर आणि तवंदी घाट असा सुमारे सत्तर ते पंचाहत्तर किलोमीटरांचा आहे. तो गर्दीच्या बसने उभ्याने करू नये. मोटारीत पोटावर उशी ठेवून, तिच्यावरून पट्टा घेऊन बसावे आणि वाटेत एकदा उतरून पाय मोकळे करावेत. मोटारसायकलच्या मागे बसून गचके खात जाणे पहिले काही आठवडे पूर्ण वर्ज्य समजावे.

घरी आल्यावर विश्रांती किती दिवस घ्यावी? ह्याचे उत्तर आपल्या संस्कृतीत वेगळ्या रूपाने आधीच आहे. बाळंतिणीला सव्वा महिना जड काम सांगू नये, तिला वेळेवर जेवू घालावे, तिला झोप मिळू द्यावी, हे गरिबातील गरीब घरही जाणते. मूत्रपिंड दिलेल्या माणसाला जवळजवळ तितकाच काळ लागतो. पोटाच्या आतील थर सांधून बळकट व्हावयास साधारणतः सहा आठवडे जातात. केंद्र शासनाने २०२३ मध्ये अवयवदान करणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांना ४२ दिवसांपर्यंतची विशेष नैमित्तिक रजा देऊ केली, तिचाही हिशेब सहा आठवड्यांचाच आहे. परंतु शेतावर रोजाने जाणारीला किंवा घरी बसून विड्या वळणारीला रजा कोण देणार? ती घरानेच दिली पाहिजे. दाता पुरुष असला, तरी त्यालाही हाच सव्वा महिना लागू आहे. जो बाळंतीण होत नाही, त्याला विश्रांती घेण्याची लाज वाटते, एवढेच.

ह्या सहा आठवड्यांत चार-पाच किलोपेक्षा अधिक वजन उचलू नये, असा नियम आहे. पाण्याने भरलेली घागर, गवताचा भारा, धान्याचे पोते, कडेवरचे मूल ही सारी ह्या मर्यादेच्या बाहेर जातात. हा नियम मोडला, तर छेदाच्या जागी अंतर्गळ होण्याचा, म्हणजे आतडे बाहेर डोकावण्याचा, धोका असतो. निपाणीच्या बायका मांडीवर सूप घेऊन, वाकून, तासन्‌तास विड्या वळतात. ह्या कामात वजन नाही हे खरे. पण वाकलेल्या बैठकीने पोटावर ताण येतो आणि पायांतील रक्त साकळते. म्हणून तेही काम दोनतीन आठवडे थांबवावे, आणि सुरू केल्यावर दर अर्ध्या तासाने उठून फेरी मारावी. बसून करावयाची कचेरीची कामे बहुतेकांना तीन-चार आठवड्यांनी जमतात. ऊसतोडणी, हमाली, नांगरट अशा कष्टाच्या कामांना दीड-दोन महिने थांबणे भाग आहे, आणि तेही डॉक्टरांनी तपासून होकार दिल्यावर.

विश्रांती म्हणजे मात्र अंथरूण धरणे नव्हे. रोज सकाळ-संध्याकाळ चालावे. पहिल्या आठवड्यात अंगणात, दुसऱ्यात गल्लीच्या टोकापर्यंत, पुढे देवळापर्यंत. थकवा हा ह्या काळातला सर्वांत चिवट सोबती आहे. जखम भरलेली दिसते, दुखणे थांबलेले असते, आणि तरीही दुपार होता होता अंगातले बळ सरते. ‘अक्का, आता बरी हाईस न्हवं?’ असे शेजारीण विचारते आणि अक्का संकोचाने हो म्हणून कामाला लागते. हा थकवा काही आठवडे, क्वचित दोनतीन महिनेही टिकतो. त्यात आळसाचा काही संबंध नाही.

आहाराच्या बाबतीत मात्र बाळंतिणीची रीत जशीच्या तशी उचलू नये. डिंकाचे लाडू, तूप आणि गोडधोड ह्यांनी वजन वाढते. वाढलेल्या वजनामागून रक्तदाब आणि मधुमेह येतात, आणि एकुलत्या मूत्रपिंडाचे हेच दोन मोठे शत्रू आहेत. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, डाळ, ताक, फळे हा रोजचा साधा आहार पुरेसा आहे. पापड, लोणचे आणि वरून घेतलेले मीठ कमी करावे. पाणी तहानेप्रमाणे आणि डॉक्टर सांगतील तेवढे प्यावे. उन्हाळ्यात शेतात जाताना ते जवळ बाळगावे. अधिक पाणी प्यायल्याने मूत्रपिंड अधिक बळकट होते, असे मानण्याचे कारण नाही.

निपाणीच्या भागात तंबाखूचा विषय टाळून चालणार नाही. ह्या पिकाने अनेक घरांना भाकरी दिली आहे. तथापि तंबाखू ओढल्याने किंवा खाल्ल्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, आणि धूर ओढणाऱ्याच्या जखमा उशिरा भरतात, फुप्फुसात कफ साचतो. दात्याने शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीच विडी-सिगारेट सोडावी, असे डॉक्टर सांगतात ते ह्यासाठीच. बायकांना वाटते की हा उपदेश पुरुषांसाठी आहे. पण सकाळी दातांना लावलेली मशेरीही तंबाखूच होय. ती डॉक्टरांपासून लपवू नये, आणि एकदा सुटली तर पुन्हा धरू नये.

दुसरी सावधगिरी गोळ्यांची. अंग दुखले की दुकानातून गोळी आणून घ्यावयाची, ही सवय सर्वत्र आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि त्या जातीची वेदनाशामके मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा घटवितात. दोन मूत्रपिंडे असलेला माणूस ते बहुधा सोसून नेतो. एक असलेल्याने ती टाळावीत आणि दुखण्यावर काय घ्यावे ते डॉक्टरांना विचारावे. ठरवून दिलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल सामान्यतः चालते. घटक ठाऊक नसलेल्या भस्मांपासून आणि पुड्यांपासूनही दूर राहावे, कारण त्यांत कधी शिसे किंवा पारा असतो. पुढे आयुष्यात कोणत्याही दवाखान्यात गेले, तरी मला एकच मूत्रपिंड आहे, हे वाक्य प्रथम सांगावे.

घरी असताना काही लक्षणांकडे मुळीच दुर्लक्ष करू नये. ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर जाणे, जखम लाल होणे किंवा तीतून पू येणे, पोट फुगून सतत उलट्या होणे, लघवी अगदी कमी होणे, एका पोटरीला सूज येऊन ती दुखणे, आणि एकाएकी दम लागणे किंवा छातीत कळ येणे; ह्यांपैकी काहीही झाले, तर सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. विशेषतः पोटरीची सूज आणि दम हे गुठळीचे लक्षण असू शकते, आणि तेथे तासांना किंमत असते.

इकडे शरीराच्या आत, कोणाला न दिसता, एक मोठा बदल चाललेला असतो. एक मूत्रपिंड गेल्याबरोबर गाळण्याची शक्ती निम्म्यावर येते. पण उरलेल्या मूत्रपिंडाकडे अधिक रक्त वाहू लागते. त्यातील सूक्ष्म घटकांची संख्या वाढत नाही, तथापि प्रत्येक घटक आकाराने वाढून अधिक काम उचलतो. काही आठवड्यांत नि महिन्यांत एकूण शक्ती पूर्वीच्या सुमारे सत्तर टक्क्यांपर्यंत पोचते आणि तेथे स्थिरावते. जोडीतला एक बैल गेल्यावर दुसऱ्याने जू पेलावे, तसेच हे आहे. म्हणून दात्याच्या रक्तातील क्रिएटिनिनचा आकडा पूर्वीपेक्षा थोडा चढलेला दिसतो. तो पाहून घाबरू नये. त्याच आकड्याशी पुढील वर्षांचे आकडे ताडून पाहावयाचे असतात.

धोका मुळीच नाही, असे सांगणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. अमेरिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ऐंशी हजारांहून अधिक दात्यांच्या पाहणीत शस्त्रक्रियेनंतरच्या नव्वद दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण दहा हजारांत सुमारे तीन एवढे आढळले. तेथीलच २०१४ च्या दुसऱ्या अभ्यासात, दानानंतर पंधरा वर्षांच्या आत मूत्रपिंड निकामी होण्याचे प्रमाण दहा हजार दात्यांत सुमारे एकतीस, तर तितक्याच निरोगी पण दान न दिलेल्या लोकांत सुमारे चार असे दिसले. म्हणजे धोका वाढतो, हे निश्चित. पण दहा हजारांतील बहुसंख्यांना तो गाठत नाही, हेही निश्चित. दात्याची निवड काटेकोर असेल आणि पुढील काळजी चोख असेल, तर तो लहानच राखता येतो. दानानंतर मूल हवे असलेल्या स्त्रीने निदान एक वर्ष थांबावे, आणि गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा संभव थोडा अधिक असल्याने सुरुवातीपासून डॉक्टरांच्या नजरेखाली राहावे.

ह्या काळजीचा गाभा म्हणजे वर्षातून एकदा करावयाची तपासणी. रक्तदाब, वजन, रक्तातील साखर आणि क्रिएटिनिन, आणि लघवीतून प्रथिने जातात काय ह्याची परीक्षा, एवढेच तिचे स्वरूप. ती सहा महिन्यांनी, वर्षाने आणि त्यानंतर दर वर्षी करावयाची असते. ह्यासाठी बेळगावलाच गेले पाहिजे असे नाही. ती निपाणीत, चिकोडीत किंवा संकेश्वरातही होऊ शकते. तरीही अनेकांकडून ती होत नाही, कारण दुखत काहीच नसते. वाढलेला रक्तदाब आणि लघवीतील प्रथिने ही दोन्ही न दुखता काम करतात. भाऊ दरमहा औषधासाठी रुग्णालयात जातो, बहिणीची फाईल मात्र कपाटात पडून राहते. दोघांची तपासणी वर्षातून एकदा एकाच दिवशी ठेवली, तर बहिणीची आठवण कोणाला वेगळी करून द्यावी लागत नाही.

शेवटचा प्रश्न मनाचा. दान देण्यापूर्वी दाता सर्वांच्या कौतुकाचा विषय असतो. नंतरच्या आठवड्यांत ते कौतुक ओसरते आणि कित्येकांना उदास वाटू लागते. रडू येते, झोप लागत नाही, एवढे करून आपली विचारपूस कोणी करीत नाही असे वाटते, आणि असे वाटल्याबद्दल स्वतःचीच लाज वाटते. ही अवस्था नेहमीची आहे आणि बहुधा काही दिवसांनी निवळते. न निवळल्यास डॉक्टरांना सांगावे. कधी ह्याहून कठीण प्रसंग येतो. सारी काळजी घेऊनही घेणाऱ्याचे शरीर नवे मूत्रपिंड नाकारते. अशा वेळी दात्याला आपलाच अवयव उणा पडला असे वाटते. तसे नसते. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा परक्याला ओळखून त्याच्यावर चालून जाते. त्यात देणाऱ्याचा दोष कणभरही नसतो. घरातील वडीलधाऱ्यांनी हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगावयास हवे, कारण तो स्वतः विचारणार नाही.

आणि घेणारा? त्याच्यावर उपकाराचे ओझे असते, आणि ते कसे फेडावे ते त्याला कळत नाही. वस्तुतः ते फेडावयाचे नसते. वेळेवर औषध घेणे, मिळालेल्या मूत्रपिंडाला जपणे, आणि आपल्या अक्काच्या तपासणीचा दिवस लक्षात ठेवणे, एवढे त्याच्या हाती आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या सव्वा महिन्यात तिच्या घरची घागर दुसऱ्या कोणी भरली, आणि पुढे दरसाल भाऊबीजेच्या आसपास तो तिला आपल्याबरोबर तपासणीला घेऊन गेला, तर त्या घरातील दोन्ही खाटा खऱ्या अर्थाने रिकाम्या झाल्या, असे म्हणता येईल.